‘कारण’ या रकान्यात काय लिहायचं?

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेएकला आला होता. मी सकाळी चहाच्या आधी वाचला, चहा झाल्यावर पुन्हा वाचला. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस. म्हणून लिहायला बसलो. सावकाश वाच.

इंजिनिअरिंगच्या पाचव्या सेमिस्टरला दोन विषय गेले, आधीचा एक होताच, आता तीन राहिले. सकाळी उठून मोबाइलवर जोश भरणारे व्हिडिओ बघतोस, आरशासमोर ‘मी करू शकतो’ म्हणतोस, खानापूरच्या गाडीत बसेपर्यंत छाती भरलेली असते. वर्गात इंग्रजीतून शिकवणं सुरू झालं की अर्ध्या तासात सगळं ओसरतं. आणि शेवटी तू लिहिलंस, ‘काका, माझ्या नशिबातच नाही. आपण सीमाभागातली पोरं, ना इकडची ना तिकडची.’

विषय गेल्याचं मला तितकं वाटलं नाही. विषय निघतात. या शेवटच्या दोन वाक्यांनी मात्र मला बेचैन केलं, कारण असलंच एक वाक्य मी तुझ्या वयात बोललो होतो.

१९८४ साली मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतशाळेत, मोल्डिंगला (साचे करायच्या कामाला) लागलो. पहिलाच पावसाळा. बेळगावचा जुलै तुला सांगायला नको. शेडच्या एका कोपऱ्यात पाणी झिरपायचं आणि सँडचा ढीग नेमका तिथंच. साच्याची ही सँड म्हणजे वाळू, बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी. पाणी साधारण तीन-चार टक्के. ते थोडं जास्त झालं की तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड मोल्डमध्ये पडताच त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. आम्ही तिला ब्लो होल म्हणतो. वरून काही दिसत नाही, नग चांगला गुळगुळीत असतो. मशीन शॉपला लेथवर पहिला कट घेतला की भोक उघडं पडतं.

माझे एका आठवड्यातले बेचाळीस नग असे परत आले. रिजेक्शनचं रजिस्टर असायचं: तारीख, पार्ट, नग, दोष आणि शेवटचा रकाना ‘कारण’. मी पेन हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. मग आमच्या मिस्त्रींना म्हणालो, माझं नशीबच खोटं, मला हे काम जमायचं नाही. मिस्त्री गोकाककडचे. घरी कन्नड, आमच्याशी मोडकं मराठी. पण मनापासून काही सांगायचं झालं की कन्नडच तोंडात यायचं. म्हणाले, ‘नशीब अंत बरीबॅडा. याक आतु अंत बरी.’ नशीब म्हणून लिहू नको, का झालं ते लिही.

हात धरून त्यांनी मला ढिगापाशी नेलं. कोरड्या बाजूची मूठभर सँड उचलून आवळली, मूठ उघडली. तळहातावर गोळा, त्यावर पाची बोटांचे स्वच्छ ठसे, हाताला कण चिकटलेला नाही. दोन हातांनी मोडला तर बिस्किटासारखा कडकन मोडला, कडा तशाच धारदार. मग म्हणाले, आता त्या कोपऱ्यातली घे. मी आवळली. हात चिखलासारखा भरला आणि गोळा मोडायच्या आधी वाकला. मिस्त्री काही बोलले नाहीत. मी जाऊन रकान्यात लिहिलं: ‘सँड ओली. सकाळी तपासली नाही.’

त्या पाच शब्दांनी मला वाचवलं, बाळ. चूक माझीच होती, ती मी पाऊस किंवा शेडच्या माथी मारली नाही. पण चूक माझी असणं आणि मीच खोटा असणं यात फार अंतर आहे. ‘तपासली नाही’ असं लिहिलं की उद्या तपासता येते. ‘नशीब’ लिहिलं तर उद्या करायला काही उरत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पाळी सुरू व्हायच्या आधी मूठ आवळून बघायला लागलो. रिजेक्शन पुढेही झालं, ते प्रत्येक फाउंड्रीत होतं. पण त्या कारणानं माझ्या हातून फारसं झालं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं आणि मिस्त्री आठवले. सेलिगमन म्हणतात, अपयश कुणालाच चुकत नाही. माणूस त्याचं कारण स्वतःला काय सांगतो यावर तो पुढे उठतो की बसून राहतो हे बरंचसं ठरतं. खचणारा माणूस स्वतःला सांगतो की हे कायमचं आहे, हे सगळीकडेच असं आहे आणि ही माझ्यातलीच खोट आहे. तुझं ‘नशिबातच नाही’ बघ, तिन्ही त्यात बसतात. याच सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली प्रयोग करून दाखवलं होतं की काही केलं तरी त्रास थांबत नाही असा अनुभव आलेले प्राणी पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न सोडून पडून राहतात. त्याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटलं. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरचं नवं संशोधन पाहून दोघांनी स्वतःच आपलं म्हणणं उलटं केलं: लांबलेल्या त्रासात हातपाय गाळणं हा मेंदूचा मूळ स्वभावच आहे, शिकावी लागते ती गोष्ट म्हणजे ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ ही. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. तू खचलास म्हणजे तुझ्यात काही मोडलंय असं नाही. एक गोष्ट अजून शिकायची राहिली आहे, एवढंच.

आता त्या व्हिडिओंबद्दल. तू ते बघतोस याचा मला राग नाही. पण सकाळचा जोश दुपारपर्यंत टिकत नाही याचं कारण तुझा आळस नव्हे. गॅब्रिएले ओटिंगन नावाच्या जर्मन संशोधक बाईंनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांना दोन वर्षांनी पुन्हा गाठलं. चांगली नोकरी लागल्याची गोड स्वप्नं जे जास्त रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना बोलावणी कमी आली होती आणि पगारही कमी मिळाला होता. पुढच्या प्रयोगांत दिसलं की अशा स्वप्नात रमल्यावर रक्तदाब थोडा उतरतो. शरीर समजतं, काम झालं, आता विसावा घ्यावा. गंमत म्हणजे ज्यांना मागच्या अनुभवावरून ‘आपल्याला नोकरी मिळेल’ अशी खात्री होती, त्यांचं मात्र चांगलं झालं. भरवसा आणि दिवास्वप्न या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आरशासमोर म्हटलेलं वाक्य दिवास्वप्नाच्या बाजूला पडतं. भरवसा सोडवलेल्या गणितातून येतो.

ओटिंगनबाईंचा उपाय सोपा आहे. काय हवंय ते मनात आण, आणि लगेच पाठोपाठ त्याच्या आड नेमकं काय येतंय ते बघ. आड येणारं सापडलं की त्याला ‘जर-तर’ची जोड द्यायची. ‘जर गाडीत मोबाइल काढावासा वाटला, तर आधी वहीचं एक पान वाचीन.’ एवढं लहान. ‘खूप अभ्यास करीन’ हे वाक्य मन ऐकतं आणि सोडून देतं.

तुझ्याबाबतीत आड काय येतंय? तू लिहिलंस, ‘इंग्रजी जमत नाही’. हे म्हणजे मी रजिस्टरात ‘पाऊस’ लिहिण्यासारखं झालं. गेल्या खेपेला तू उत्तरपत्रिकेची प्रत दाखवली होतीस ना, ती मी नीट बघितली होती. एका प्रश्नात ‘डिराइव्ह’ होतं, म्हणजे सूत्र सिद्ध करून दाखवायचं. तू त्या सूत्राचं दीड पान वर्णन केलंस. वर्णन चांगलं होतं. मार्क शून्य. दुसऱ्यात ‘जस्टिफाय’ होतं, तिथं तू फक्त उत्तर लिहिलंस, का ते लिहिलं नाहीस. विषय तुला येत होता, प्रश्नाचं क्रियापद येत नव्हतं. मग रकान्यात लिहायचं: ‘प्रश्नातले आज्ञेचे शब्द कळले नाहीत.’ मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढ आणि असे शब्द वेचून काढ. मला नाही वाटत ते तीस-चाळीसच्या वर जातील. प्रत्येकापुढे मराठीत लिही की इथं नेमकं काय करून मागितलंय. पूर्ण इंग्रजी शिकायला वर्षं लागतील, हे दोन आठवड्यांत होईल.

वही शंभर पानी पुरे. तारीख, काय चुकलं, का चुकलं, उद्या काय करणार. रात्री पाच मिनिटं. ‘का’च्या रकान्यात माणसाचं नाव नको, स्वभाव नको, नशीब नको. आणि ज्या दिवशी काही जमलं त्या दिवशीही लिही, का जमलं. हे बहुतेक जण लिहीत नाहीत आणि मग जमलेलं सगळं योगायोगाच्या खात्यावर जातं.

सीमाभागाचंही बोलतो, टाळणार नाही. १९५६ पासूनचं हे दुखणं आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. मी तरुणपणी १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललो आहे आणि हा प्रश्न न्यायानं सुटावा असं मला आजही पोटतिडकीनं वाटतं. पण ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणत माझ्या ओळखीची कितीतरी हुशार पोरं थांबली आणि त्यांची वयं निघून गेली. त्यांचं वाईट वाटतं. तो निकाल तुझ्या हातात नाही, उद्याची प्रश्नपत्रिका आहे. आणि एक सांगू? कन्नड शीक, चांगलं बोल. तुझ्या बाकावरचा बैलहोंगलचा मुलगा थर्मलमध्ये (उष्णतेच्या विषयात) हुशार आहे म्हणालास, त्याच्याशी बोलायला लाजतोस कशाला? तो कन्नडमध्ये समजावेल, तू मराठीत लिहून घे, पेपरात इंग्रजीत उतरव. तीन भाषांतून फिरलेली गोष्ट डोक्यातून सहजी जात नाही. मला सँडची सगळी विद्या कन्नडमधून मिळाली. माझं मराठी त्यानं तिळभर कमी झालेलं नाही.

कुमार गंधर्व आपल्या जिल्ह्यातले, सुळेभावीत १९२४ साली जन्मले. घरची भाषा कन्नड. लहानपणीच मैफली गाजवल्या, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, आणि ऐन पंचविशीच्या आत क्षयानं गाठलं. गायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोरड्या हवेसाठी ते माळव्यातल्या देवासला गेले. काही वर्षं अंथरुणावर. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. खिडकीबाहेरून माळव्यातल्या बायकांची, भिकाऱ्यांची गाणी कानावर पडत, ती ते ऐकत राहिले, मनात साठवत राहिले. १९५३ च्या सुमारास पुन्हा गायला बसले तेव्हा आधीचा श्वास परत येणार नव्हता. जाणकार सांगतात, त्यांनी छोट्या, टोकदार स्वरवाक्यांची गायकी घडवली, आणि माळव्याची ती लोकगीतं त्या गाण्यात आली. मी त्यांचं गाणं ऐकतो तेव्हा मला रजिस्टरचा तो रकाना दिसतो. ‘श्वास कमी’, एवढंच लिहिलेलं. ‘गाणं संपलं’ असं कुठंही नाही.

आणखी एक तू लिहिलं होतंस, ‘तीन दिवस नीट केलं, चौथ्या दिवशी चुकलं, मग सोडूनच दिलं.’ लंडनमध्ये शहाण्णव माणसांवर सवयीचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. रोप लावणीत एक ओळ वाकडी गेली म्हणून तुझे बाबा शेत सोडून घरी येतात काय?

शरीराकडे बघ. रात्री पावणेएकला मेसेज करणारा पोरगा सकाळी वर्गात काय ऐकणार? तास संपल्यावर कधी व्हॅक्सिन डेपोत ये, झाडांखाली दोन फेऱ्या मारू. आणि हे नीट ऐक: झोप न लागणं, जेवण न जाणं, कशातच रस न वाटणं, हे सलग दोन आठवडे राहिलं तर ते वहीनं किंवा काकानं सुटणारं काम नाही. डॉक्टरकडे जायचं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो. जीव नकोसा वाटला तर वेळ बघू नकोस, तेव्हाच्या तेव्हा फोन कर. मलाही कर, रात्री दोनला कर.

अल्बर्ट बांडुरा नावाच्या संशोधकानं १९७७ मध्ये लिहून ठेवलंय की ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यांत जास्त स्वतः करून बघितल्यानं येतो, त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणालातरी जमलेलं बघून. दुसऱ्यानं धीर देणं त्याच्याही खाली. माझं हे पत्र त्या खालच्या पायरीवरचं आहे. वरच्या पायरीसाठी, तुमच्या कॉलेजात मराठी माध्यमातून आलेला, बॅकलॉग काढून पास झालेला एखादा सीनियर शोध. नक्की असेल. त्यानं पहिला विषय कसा काढला तेवढंच विचार.

येत्या रविवारी सकाळी ये. तिसऱ्या रेल्वे गेटपाशी उतर, मी गाडी घेऊन येतो. आधी उद्यमबागेत एका ओळखीच्या फाउंड्रीत जाऊ, सँड मुठीत घेऊन बघ, थर्मलच्या पुस्तकातली उष्णता डोळ्यांनी बघ. मग घरी जेवायला. काकू म्हणते, आठवडाभर आधी कळवलंय, तेव्हा न येण्याचं कारण चालणार नाही.

येताना तिन्ही विषयांच्या मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आण आणि वही आण. वहीत सात दिवसांच्या सात ओळी भरलेल्या असू देत. एखादी राहिली असेल तर ती कोरी ठेव, मागाहून भरू नकोस.

तुझा,
काका