कन्सोल चीनमध्येच बनतात, मग तिथेच ते विकणं इतकं जड का जातं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सोनीचा प्लेस्टेशन (पीएस) आणि निन्टेन्डोचा स्विच, जगातले हे बहुतेक कन्सोल, म्हणजे गेम खेळायची मशीन, चीनच्या कारखान्यांतून निघतात, कन्सोलवरची बंदीही २०१५ साली उठली, तरी परदेशी कंपन्या तिथे का अडखळतात? आणि शेनझेनला असलेल्या भावाकडून पीएस ५ मागवू का? दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून ते शेवटी.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या मालाच्या खरेदीत आहे, त्यामुळे शेनझेनच्या ह्वाछियांगपेई बाजारात अधूनमधून चक्कर होते. तिथे गेमच्या काउंटरवर पीएस ५ मागा, दुकानदार लगेच भाव सांगणार नाही. आधी विचारेल, कुठलं हवं? ग्वोहांग म्हणजे मेनलँड चीनसाठी अधिकृतपणे आलेलं, कांगपान म्हणजे हाँगकाँगचं, रिपान म्हणजे जपानचं. तिन्ही खोके शेजारी शेजारी रचलेले, मशीन आतून जवळपास तेच, भाव मात्र तीन. सोनीला चीनमध्ये सगळ्यात मोठी टक्कर सोनीच देते. ही गोष्ट धरून ठेवली की बाकीचं कोडं सुटत जातं.

हा दुसऱ्या वाटेचा, म्हणजे बाहेरून अनधिकृतपणे येणाऱ्या मालाचा बाजार उभा राहिला बंदीच्या काळात. जून २००० मध्ये सरकारच्या सात खात्यांनी मिळून गेम कन्सोलचं उत्पादन आणि देशांतर्गत विक्री बंद केली. पोरं बिघडतात ही पालकांची तक्रार होती, वर्तमानपत्रांत गेमला हेरॉइनची उपमा दिली जात होती. गंमत अशी की निर्यातीसाठी कन्सोल बनवायला मोकळीक होती आणि कॉम्प्युटरवरचे गेम बंदीत नव्हते. मग पोरं गेली सायबर कॅफेत. कॅफेत वाढलेल्या या पिढीला सवय लागली ती फुकटात सुरू होणाऱ्या आणि आत गेल्यावर थोडे थोडे पैसे घेणाऱ्या ऑनलाइन गेमची. आधी तीन हजार युआनचं मशीन, मग प्रत्येक गेमचे वेगळे पैसे, हा हिशोब त्यांच्या डोक्यात कधी बसलाच नाही. पुढे मोबाइल आला आणि तो हिशोब आणखी लांब गेला.

बंदीच्या आधी चीनला कन्सोल माहीत नव्हता असं मात्र समजू नका. नव्वदच्या दशकात श्याओबावांग नावाच्या कंपनीने निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या कन्सोलची नक्कल कीबोर्डच्या पोटात घातली आणि 'अभ्यासाचं यंत्र' म्हणून विकली. जाहिरातीत चक्क जॅकी चॅन. आईबापांनी टायपिंग शिकेल म्हणून घेतलं, पोरांनी काँट्रा खेळून घेतलं. आपल्याकडे नव्वदीत 'टीव्ही गेम' म्हणून जे मिळायचं, पिवळ्या कॅसेटवाले, '९९९९ इन १' लिहिलेले, ते याच खानदानातले.

बंदी असताना शिरायचा सगळ्यात डोकेबाज प्रयत्न निन्टेन्डोने केला, आणि मला अजूनही त्याचं कौतुक वाटतं. सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीत असताना निन्टेन्डो ६४ या कन्सोलच्या कामात असलेले वेई येन यांच्याबरोबर भागीदारीत सूचौला आयक्यू नावाची कंपनी काढली. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांनी आयक्यू प्लेअर आणला. टीव्हीखाली ठेवायचा डबाच नाही, सगळं कन्सोल हातातल्या कंट्रोलरमध्ये. कॅसेट नाहीत, ६४ एमबीचं एक कार्ड. ते कार्ड घेऊन दुकानात जायचं, तिथल्या यंत्राला लावायचं, पैसे द्यायचे, गेम भरून घ्यायचा आणि घरी यायचं. नंतर घरच्या कॉम्प्युटरवरूनही भरता यायला लागलं. नकली कॅसेटवाल्यांना यात शिरायला फट नव्हती. डिजिटल स्टोअर हा प्रकार बाकी जगात अंगवळणी पडायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आणि एवढं करून आयुष्यभरात त्यावर गेम आले १४. चौदा! सोनीनेही त्याच सुमारास पीएस २ अधिकृतपणे आणून पाहिला, त्याचंही काही जमलं नाही.

मग आलं शांघायचं मुक्त व्यापार क्षेत्र. सप्टेंबर २०१३ मध्ये ते सुरू झालं, तिथे नोंदणी केलेल्या परदेशी कंपन्यांना कन्सोल विकायची मुभा मिळाली आणि २०१५ मध्ये ती देशभर लागू झाली. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री त्साय वू यांचं म्हणणं असं होतं की खिडकी किलकिली करू, ताजी हवा येऊ दे, पण माश्या-डास अडवायला जाळी हवीच. बाहेर बातमी गेली ती खिडकीची. जाळीकडे फार थोड्यांनी पाहिलं.

जाळी अशी: कन्सोलला परवानगी मिळाली म्हणजे गेमला मिळाली असं नाही. प्रत्येक गेम वेगळा तपासला जातो, चिनी प्रकाशकाच्या नावाने जातो आणि त्याला वेगळा प्रकाशन क्रमांक मिळावा लागतो. रक्त, जुगार, अश्लीलता, राष्ट्रीय एकतेला धक्का, यातलं काही दिसलं की फाइल परत. आणि अधूनमधून सगळं कामच थांबतं. २०१८ मध्ये कित्येक महिने एकही नवा क्रमांक निघाला नाही, जुलै २०२१ ते एप्रिल २०२२ पुन्हा तेच.

मायक्रोसॉफ्टने शांघाय मीडिया ग्रुपच्या बेसटीव्हीबरोबर कंपनी काढली, ७.९ कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा झाली. एक्सबॉक्स वन २३ सप्टेंबर २०१४ ला येणार होता, ऐनवेळी पुढे ढकलला आणि २९ तारखेला आला. किंमत ३,६९९ युआन, किनेक्ट या कॅमेऱ्यासकट ४,२९९. सोबत गेम दहा, त्यात फोर्झा आणि झू टायकूनसारखे सोवळे. लोक ज्यासाठी एक्सबॉक्स घेतात ते हेलो किंवा कॉल ऑफ ड्यूटी नाही. वर मशीन चिनी डिस्कपुरतं कुलूपबंद. आता सांगा, जो माणूस वर्षानुवर्षं हाँगकाँगचा माल घेत आलाय, ज्याला सगळे गेम बाहेर आल्या दिवशी मिळतात, तो हे का घेईल? आणि ज्याने कधी कन्सोल घेतलाच नाही, त्याला चार हजार युआन खर्चायला या यादीत आहे काय?

सोनीने हे बघून ठेवलं असावं. पीएस ४ जानेवारी २०१५ ला येणार होता, तोही लांबला आणि २० मार्चला आला, २,८९९ युआनला. पण त्यात बाहेरच्या डिस्क चालायच्या. शिवाय पेनड्राइव्हवरून एक बॅकअप भरला की बाहेरच्या देशाचं अकाउंटही उघडायचं. ही पळवाट सोनीने मुद्दाम ठेवली की राहून गेली, कुणी कबूल करणार नाही, पण काउंटरवरचा पोरगाही ती करून द्यायचा. माझ्या मते अधिकृत पीएस ४ तगला तो यामुळेच. मे २०२० मध्ये चिनी प्लेस्टेशन स्टोअर 'सुरक्षा सुधारणेसाठी' अचानक बंद पडलं, तेव्हा कुणीतरी याच पळवाटेची तक्रार केल्याच्या बातम्या होत्या.

निन्टेन्डो पुन्हा आली ती टेन्सेंटचा हात धरून. चीनमध्ये गेममधला याहून मोठा भागीदार नाही. १० डिसेंबर २०१९ ला स्विच २,०९९ युआनला विकायला आला तेव्हा त्याच्यासाठी मंजूर गेम होता एक, न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स. मारिओ ओडिसी आणि मारिओ कार्ट ८ पुढच्या वर्षी मार्चमध्ये आले. त्याच सुमारास तिथे कोविडच्या टाळेबंदीत घरी बसलेली जनता ॲनिमल क्रॉसिंग खेळत होती, आणि तो गेम अधिकृत स्विचवर नव्हताच. लोक बाहेरून आलेल्या मशीनवर खेळले. हाँगकाँगच्या आंदोलकांनी त्यात घोषणा लावल्या आणि एप्रिल २०२० मध्ये तो ताओबाओ या खरेदीच्या साइटवरूनही गायब झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेन्सेंटने अधिकृत स्विचच्या ऑनलाइन सेवा २०२६ मध्ये गुंडाळायची घोषणा केली आणि भरपाईसारखे चार गेम फुकट देऊ केले. टेन्सेंटला जे जमलं नाही ते बाहेरच्या एकट्या कंपनीला जमेल, असं मला वाटत नाही.

तरी सगळं काळं चित्र नाही. पीएस ५ मे २०२१ मध्ये ३,८९९ युआनला आला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये हांगचौच्या गेम सायन्सचा ब्लॅक मिथ: वूकोंग निघाला तेव्हा तिथल्या दुकानांत पीएस ५ मिळेना. चिनी कथेवरचा, चिनी स्टुडिओचा, रीतसर मंजुरी मिळालेला गेम. त्यासाठी पळवाट लागत नाही. कन्सोलवाल्यांनी शांघायच्या दिमाखदार लाँचवर केलेला खर्च स्थानिक स्टुडिओंवर आधीच केला असता तर बरं झालं असतं. सोनीने निदान २०१६ पासून चायना हीरो प्रोजेक्टच्या नावाने ते सुरू तरी केलं.

आता तुमचं मशीन. भावाला ग्वोहांग पीएस ५ घेऊ नको म्हणावं. दिसायला तोच, कदाचित स्वस्तही पडेल, पण तो चिनी अकाउंट आणि चिनी स्टोअरला बांधलेला असतो. डिस्क बाहेरच्या चालतील, भारतातल्या अकाउंटवर घेतलेले डिजिटल गेम घेऊन मात्र तुम्ही अडकाल. पळवाट चालतेय का, ते दर अपडेटनंतर बघत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. हाँगकाँगला जाणं होणार असेल तर तिथला घ्यावा, सीलबंद, बिलासकट. तिथली पिन चौकोनी तीन खुंट्यांची असते, इथे आल्यावर केबल बदला. वॉरंटी इथे मिळेल अशी आशा धरू नका, कस्टमची ड्युटी आधी विचारून घ्या आणि ती धरून आपल्या दुकानातल्या किमतीशी फरक किती राहतो ते बघा. दोन-तीन हजारांचा असेल तर भावाला त्रास देण्यात अर्थ नाही.