नीती आयोगाच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करून सहा आठवडे झाले, अजून काहीच कळलं नाही. वाट बघू की पुण्यातली दुसरी इंटर्नशिप घेऊ?

आधी थेट उत्तर देते: पुण्याला हो म्हण. त्यांनी उत्तरासाठी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे, पण शुक्रवारची वाटही बघू नकोस, उद्याच कळव.

तू लिहिलं आहेस की बी.ए. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, बारावीला 88 टक्के होते, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मे-जूनसाठी अर्ज भरलास आणि तेव्हापासून रोज मेल उघडून बघते आहेस. 'सहा आठवडे उत्तर नाही म्हणजे नकारच समजायचा का?' हे तुझं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. कारण हेच वाक्य मी 2018 च्या नोव्हेंबरात माझ्या रूममेटला रोज रात्री ऐकवत होते. तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस, माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे.

नकार समजू नकोस, होकारही समजू नकोस. सहा आठवड्यांच्या शांततेचा काहीच अर्थ लागत नाही. आपल्याला सवय असते बोर्डाच्या निकालाची: अमुक तारखेला दुपारी एक वाजता, नंबर टाकला की कळलं. इथे तसा निकाल लागतच नाही. दर महिन्याच्या 1 ते 10 तारखेला अर्जाची खिडकी उघडते, ज्या महिन्यात यायचंय त्याच्या दोन ते सहा महिने आधी अर्ज करायचा असतो. आलेल्या अर्जांतून पात्र उमेदवारांची माहिती त्या त्या विषयाच्या विभागाकडे जाते. त्यांच्या भाषेत व्हर्टिकल: शेती, आरोग्य-पोषण, शिक्षण, पाणी, ऊर्जा, ग्रामविकास असे कितीतरी. पुढे त्या विभागाला किती मुलं हवीत, कुठल्या कामाला हवीत, यावर निवड. सगळ्यांची मिळून एक गुणवत्ता यादी नाही, कटऑफ नाही. तुझे 88 टक्के हे दारातून आत जाण्यापुरते. पदवीच्या विद्यार्थ्यांना बारावीला किमान 85 लागतात, ते तुझ्याकडे आहेत, तिथे त्या टक्क्यांचं काम संपलं. शेतीवाल्यांनी कुणाला एप्रिलमध्ये बोलावलं म्हणून आरोग्यवालेही तेव्हाच बोलावतील असं नाही. त्यामुळे 'माझ्या मैत्रिणीला आलं, मला नाही' ही तुलना मनातून काढून टाक. ती तुला फार छळते आहे असं तुझ्या प्रश्नावरून वाटलं.

आता माझं सांगते, कारण माझ्याकडून जे सुटलं ते तुझ्याकडून सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

मी वाशीम जिल्ह्यातली, एम.ए. पुण्यात केलं. दुसऱ्या वर्षाला असताना ऑक्टोबरमध्ये पहिला अर्ज भरला, डिसेंबर-जानेवारीसाठी. त्याच सुमारास आमच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, यवतमाळकडे कापूस उत्पादकांचं सर्वेक्षण आहे, तीन आठवडे गावांत राहायचं, येतेस का? मला जायचं होतं. पण मी म्हटलं, 'सर, दिल्लीचं कळलं की सांगते.' सर काही बोलले नाहीत. दहा दिवसांनी त्यांनी दुसऱ्या मुलीला घेतलं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? दिल्लीचं त्या वेळी झालं नाही. डिसेंबर मी खोलीवर बसून काढला. कापसाचं ते काम गेलं याची हळहळ मला दिल्ली हुकल्याच्या दुःखापेक्षा जास्त काळ पुरली, अजूनही पुरते. म्हणून तुला पहिल्याच ओळीत पुण्याचं सांगितलं.

पुण्याला हो म्हणताना लपवाछपवी मात्र करू नकोस. त्यांना सांग, 'मी दिल्लीला अर्ज केलेला आहे, उत्तर आलेलं नाही. आलंच तर तुम्हाला त्याच दिवशी कळवेन, तोवर मी तुमची.' बहुतेक चांगल्या संस्था हे समजून घेतात. कुणी त्यावरून नाही म्हटलं तर तेही आत्ताच कळलेलं बरं. वाईट काय, तर कामाला लागून दोन आठवडे झाल्यावर फोन बंद करून गायब होणं. तुझ्या मागून त्याच कॉलेजातून येणाऱ्या मुलींना त्याची किंमत मोजावी लागते.

आता एक गोष्ट नीट वाच, बऱ्याच जणांना ही माहीत नसते. एका आर्थिक वर्षात एकदाच अर्ज करता येतो. आर्थिक वर्ष, म्हणजे एप्रिल ते मार्च. तू फेब्रुवारीत अर्ज केलास, तो चालू वर्षात धरला जाणार. 1 एप्रिलला नवीन वर्ष लागतं आणि त्याच दिवशी खिडकीही उघडते. म्हणजे 31 मार्चपर्यंत काही आलं नाही, तर 1 ते 10 एप्रिलमध्ये तू जूननंतरच्या महिन्यांसाठी पुन्हा अर्ज करू शकतेस. माझं जमलं ते असंच, ऑक्टोबरचा अर्ज एका वर्षातला, एप्रिलचा पुढच्या वर्षातला. भरण्याआधी संकेतस्थळावरची मार्गदर्शक सूचना एकदा स्वतः वाच, नियमांत अधूनमधून फेरफार होतात. आणि दहा तारखेची वाट बघू नकोस, दोन-तीन तारखेलाच भरून मोकळी हो.

दुसऱ्यांदा भरताना मी एकच गोष्ट बदलली: आपल्याबद्दल थोडक्यात लिहायचं असतं तो मजकूर. पहिल्या वेळी मी लिहिलं होतं की मला धोरणनिर्मितीत रस आहे, देशासाठी काम करायचं आहे, वगैरे. खोटं त्यात काहीच नव्हतं, पण तेच वाक्य कुणीही लिहू शकलं असतं. दुसऱ्या वेळी मी आमच्या सोयाबीनबद्दल लिहिलं. आदल्या दिवाळीत बाबांबरोबर मी बाजार समितीत गेले होते. घरून निघताना बाबांनी पोत्यातला एक दाणा दाताखाली धरून फोडला होता. कट्ट आवाज आला. 'वाळलं आहे,' म्हणाले. बाजारात व्यापाऱ्याच्या माणसानं मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले, आकडा आला 14.2. बारा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यावर गेला की कटती, म्हणजे पैसे कापतात. बाबा त्या आकड्याकडे बघत राहिले. मशीन बरोबर होतं की बाबांचा दात, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण शेतकऱ्याला स्वतःच्या मालाचा ओलावा बाजारात पोचण्याआधी मोजता येत नाही, आणि तिथे पोचल्यावर माल परत नेणं गाडीभाड्यामुळे परवडत नाही, हे मला दिसलं होतं. तेवढंच लिहिलं, आठ-दहा ओळी. खाली शेती विभाग पहिल्या पसंतीला टाकला.

त्यामुळेच निवड झाली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, निवडणाऱ्यांच्या मनातलं मला कुठून कळणार. पण रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ज्यांच्या हाताखाली काम होतं त्यांनी विचारलं, 'सोयाबीनवाली तूच ना?' मग मला ई-नामच्या, म्हणजे शेतमालाच्या ऑनलाइन राष्ट्रीय बाजाराला जोडलेल्या, बाजार समित्यांची माहिती लावायला दिली. तुझ्याकडेही असं काहीतरी असणारच. तू अंबाजोगाईची आहेस म्हणतेस, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तू लहानपणापासून बघितली असशील, दिवाळीनंतर वर्गातली रिकामी बाकं बघितली असशील. शिक्षण विभाग निवडलास तर ती बाकं लिही.

मेल आला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर मी परीक्षा देऊन घरी आले होते. शेजारच्या काकू रोज कुंपणावरून विचारायच्या, 'काय वं, झालं का दिल्लीचं?' बाबा मात्र एकदाच म्हणाले, 'पेरणीच्या आत कळलं तर बरं, मग मजुराचं बघता येईल.' त्या घरात माझ्या वाट बघण्याला असा हिशेब होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ रेंज चांगली यायची, तिथे सकाळी सातला आणि रात्री नऊला मी मेल बघायची. आणि आला तो इनबॉक्समध्ये नाहीच, स्पॅममध्ये. दोन दिवस पडून होता. म्हणून आजच स्पॅम उघड, आणि पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असलेले मेल शोधून बघ. अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेव.

वाचून आनंदानं ओरडले, खाली धावले, आईनं देवापुढे साखर ठेवली. मग शांतपणे पुन्हा वाचलं आणि पोटात गोळा आला. रुजू होताना मूळ गुणपत्रिका आणि कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र लागणार होतं, त्याशिवाय घेत नाहीत. आणि कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी. कार्यालयात फोन लावला तर 'विभागप्रमुख गावी गेलेत, पंधरा जूननंतर या.' रात्रीच्या बसनं पुणं गाठलं. सकाळी साडेदहाला कार्यालय उघडलं, बारापर्यंत बाकावर बसले, मग एका शिपाईमामांनीच सांगितलं की उपप्राचार्य प्रवेशाच्या कामासाठी आलेत, त्यांची सही चालते. पाच मिनिटांचं काम होतं. शिक्का थोडा पुसट उमटला तर मामांनी दुसऱ्या कागदावर पुन्हा मारून दिला. त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही.

तुझ्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये. कॉलेज चालू आहे तोवर, म्हणजे याच आठवड्यात, ते पत्र तयार करून घे. निवड झालेली नसली तरी विभागात जाऊन मजकूर दाखवून ठेव, कोणाची सही लागते ते विचार. तारीख नंतर टाकता येते. पुण्याच्या इंटर्नशिपलाही तेच पत्र बहुधा लागेल.

पैशांचं तू काही विचारलं नाहीस, पण मी बोलणार आहे. नीती आयोगाची इंटर्नशिप विनावेतन आहे. बसायला जागा आणि इंटरनेट मिळतं, लॅपटॉप स्वतःचा लागतो. मी लक्ष्मीनगरला राहिले, तिघींत एक खोली, खाटेचे महिना 7,000, मेसचे 3,000. मेट्रोनं राजीव चौकला गाडी बदलायची आणि पुढचंच स्टेशन पटेल चौक, तिथून चालत. भुसावळहून जाण्यायेण्याचं तिकीट धरून दोन महिन्यांत 28,000 च्या आसपास गेले. आताचे भाव अर्थातच वाढलेत. ते पैसे बाबांनी पेरणीच्या तोंडावर दिले होते, हे मी रोज त्या जिन्यावरून चढताना आठवायची. प्रमाणपत्र हवं तर किमान सहा आठवडे पूर्ण करावे लागतात, मधेच परत येऊन चालत नाही. त्यामुळे मेल येण्याआधीच घरी बसून आकडे मांड. घरची ओढाताण असेल तर पैसे देणाऱ्या जागाही आहेत: परराष्ट्र मंत्रालय महिना 10,000 मानधन आणि विमानाचं भाडं देतं, त्यासाठी पदवी पूर्ण झालेली लागते. पुढे एम.ए. केलंस तर रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप आहे. आपल्या राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप पदवीनंतर एक वर्ष काम केल्यावर. आणि पंतप्रधान इंटर्नशिप योजना ही कंपन्यांमधली आहे, सरकारी कार्यालयातली नाही. नाव सारखं म्हणून खूप मुलं गोंधळतात.

कुणी फोन करून 'निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' म्हणालं तर फोन ठेवून दे. नीती आयोग इंटर्नशिपसाठी एक रुपयाही घेत नाही. उत्तराच्या घाईत असलेलं माणूस अशा वेळी लवकर फसतं.

चौकशीचा मेल पाठवायचा तर एकदाच पाठव. नाव, अर्ज क्रमांक, कुठल्या महिन्यासाठी, कुठला विभाग, एवढं चार ओळींत. रोज पाठवू नकोस.

बाकी तू मेल दिवसातून किती वेळा बघतेस ते लिहिलं नाहीस. मी शेवटी आईला फोनचा पासवर्ड देऊन टाकला होता, ती सकाळ-संध्याकाळ बघायची. स्पॅम बघायचं मात्र तिला सांगायचं राहिलं.

एप्रिलमध्ये पुन्हा भरायचं ठरलं तर तुझ्या मजकुराच्या त्या आठ-दहा ओळी इथे खाली टाक. नाव-गाव काढून टाक. मी रात्री साडेनऊनंतर मोकळी असते, वाचून सांगेन.