सर्व्हायव्हल किट विकत घ्यावं की त्या वस्तू स्वतः बनवायला शिकावं?

तुम्ही विचारलंय की पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेक करता, ऑनलाइन २१-इन-१ किट दोन-अडीच हजाराला दिसतंय, ते घेऊ की त्याऐवजी आग पेटवणं, दोरी वळणं, निवारा करणं असलं काहीतरी शिकू. माझ्याकडे असलंच एक किट होतं. त्यातली शिट्टी तेवढी सॅकच्या पट्ट्याला लावलीय, बाकीचा डबा आता पोराच्या खेळण्यांत आहे, यावरून काय ते समजा. पण म्हणून 'सगळं घरीच बनवा' असंही मी म्हणणार नाहीये, तेही एक फॅडच आहे.

जुलै महिना, हरिश्चंद्रगड. आम्ही तिघं पाचनईवरून चढलो, देवळापाशी पोचेपर्यंत चार वाजून गेलेले, आणि एकाच्या डोक्यात आलं की आलोच आहोत तर कोकणकडा बघून येऊ. कड्यावर पांढऱ्या भिंतीशिवाय काहीच दिसलं नाही आणि परत येताना धुकं असं दाटलं की पुढच्याची सॅक दिसेना, त्यात वाट सुटली. मी मोठ्या रुबाबात किट काढलं. होकायंत्राची सुई बुडबुड्याला चिकटून बसलेली, टिचकी मारली की दर वेळी नवीन उत्तर दिशा. आणि खरं सांगायचं तर ती बरोबर असती तरी काय करणार होतो, नकाशा कुणाकडेच नव्हता. मग एका कातळाच्या आडोशाला बसून चकमकीचा तो काळा रॉड घासायला घेतला. ठिणग्या मस्त पडतात हो, तीन हजार डिग्रीच्या आसपास तापमान असतं त्यांचं, पण ठिणगी पडायला कोरडं काहीतरी लागतं ना! किटमधला कापूस दमट, काटक्या पिळल्या तर पाणी गळेल अशा. अर्धा तास नुसती दिवाळी केली.

शेवटी शिट्टी वाजवत बसलो. ती मात्र ऐकू गेली. वरच टपरी चालवणारे एक मामा घोंगडीची खोळ पांघरून आले, चार शिव्या घातल्या आणि आम्हाला झापात घेऊन गेले. तिथे त्यांनी चूल पेटवली ते मी अगदी जवळून बघितलं. टोपीच्या आतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला दहा रुपयांचा लायटर काढला. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून पेटवली, ती भिजली तरी जळते, धूर आणि वास घाण येतो पण दोन-तीन मिनिटं ज्योत टिकते. त्यावर चुलीच्या वर टांगून वाळवलेल्या काडेपेटीच्या काडीएवढ्या काड्या, मग बोटाएवढ्या, आणि मोठं लाकूड मधोमध चिरून, कारण सालीखालचं आतलं लाकूड बरंचसं कोरडं असतं. आधी जाड लाकूड घालायची घाई अजिबात नाही. पाच मिनिटांत चहाचं आधण.

आता गंमत बघा, मामांकडची एकही वस्तू त्यांनी बनवलेली नव्हती. लायटर विकतचा, कोयता लोहाराचा, घोंगडी बाजारातली. आणि तरी माझ्या २१ वस्तूंपेक्षा त्यांच्याकडे जास्त सामान होतं.

त्यानंतर उन्हाळ्यात मला शिकायचा झटका आला. घायपातीचा वाख काढून दोरी वळायची ठरवली. पान दगडाने ठेचायचं, कोयत्याच्या बोथट बाजूने गर खरवडायचा (रस हाताला लागला की खाज सुटते, फुल बाह्यांचा शर्ट घाला), धागे धुवून वाळवायचे. मग दोन पदर घेऊन दोन्हींना एकाच दिशेने पीळ द्यायचा आणि एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळत जायचं, ते उलटे पीळ एकमेकांना धरून ठेवतात म्हणून दोरी सुटत नाही. अख्खी दुपार गेली आणि जेमतेम दोन वाव (हात पसरून दोनदा मोजली एवढी) दोरी झाली. बादली बांधून उचलली तर तुटली. कुठे तुटली, तर जिथे मी दोन्ही पदरांना एकाच ठिकाणी नवीन धागे जोडले होते बरोब्बर तिथे. जोड मागेपुढे घ्यायचे असतात हे पुस्तकात वाचून माझ्या डोक्यात शिरलं नसतं.

ही दोरी मी ट्रेकला नेतो का? छे. बाजारात नायलॉनची दोरी तिच्यापेक्षा शंभर पटीने बरी मिळते. पण त्या दुपारनंतर दुकानात दोरी हातात घेतली की मी आधी तिचं टोक उसवून बघतो. किटमध्ये जे पॅराकॉर्डचं, म्हणजे मुळात पॅराशूटसाठी बनलेल्या बारीक नायलॉन दोरीचं, ब्रेसलेट असतं ना, अस्सल ५५० पॅराकॉर्डमध्ये आत सात वेगळे पिळाचे धागे असतात आणि ती साधारण २५० किलोला तुटते. माझ्या ब्रेसलेटमध्ये आत नुसता पिंजलेला पॉलिस्टर भरलेला होता. आणि अस्सल असली तरी तिच्यावर माणूस लटकवायचा नाही, ती त्यासाठी नाहीच.

लाकडावर लाकूड घासून आग काढायचाही प्रयोग केला, यज्ञात अरणी मंथन करतात तसलाच प्रकार, फक्त धनुकली वापरून. एप्रिलमध्ये आठवडाभर तळहाताला फोड आणल्यावर एकदाचा निखारा पडला, घरभर सांगत फिरलो. जूनच्या शेवटी तेच लाकूड, तीच धनुकली, नुसती कोमट झाली. तेव्हा पावसाळी ट्रेकचा भरवसा असल्या कसबावर ठेवू नका, दोन लायटर दोन वेगळ्या खिशांत ठेवा आणि ट्यूबची पट्टी ठेवा.

काही गोष्टींत मात्र हौस नकोच. क्लाइंबिंगचा रोप, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), कॅराबिनर (रोप अडकवायची कडी) हे सर्टिफाइड आणि विकतचंच, सेकंडहँडसुद्धा नको. गडावरच्या टाक्याचं पाणी फडक्यातून गाळलं की कचरा जातो, जंतू सगळे जात नाहीत. खळखळून एक मिनिट उकळा, कळसूबाईच्या १६४६ मीटरवरही तेवढं पुरतं. किंवा क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ थांबून, आणि पाणी गढूळ असेल तर आधी गाळून. आणि किटमध्ये तो साप चावल्यावर विष ओढायचा पंप असेल तर तो आजच फेकून द्या. त्याने विष निघत नाही, वेळ मात्र जातो. चिरा देणं, घट्ट आवळून बांधणं तसलंच. घोणस, फुरसं, नाग, मण्यार या चारही सापांवर आपल्याकडे एकच अँटीव्हेनम (विषावरचं इंजेक्शन) चालतं आणि ते दवाखान्यातच मिळतं. अंगठी-घड्याळ काढा, हात-पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून खाली न्या.

निवाऱ्याचं मधलं आहे, सामान विकतचं आणि अक्कल शिकलेली. तो चकचकीत फॉइलचा ब्लँकेट पन्नास-साठ ग्रॅमचा असतो, स्वस्त असतो, जरूर घ्या, पण वाऱ्यात फाटतो म्हणून सोबत साधी प्लॅस्टिकची ताडपत्री. तिला भोकं पाडू नका. कोपऱ्यात लिंबाएवढा गोटा गुंडाळून त्याच्या मानेला बाहेरून दोरी आवळा, वाऱ्यात भोक फाटतं पण हा गोटा सुटत नाही. ही एक युक्ती आणि तीन-चार गाठी अंधारात बांधता आल्या की बरंच झालं. ओढ्याच्या पात्रात किंवा कड्याखाली दगड पडलेत तिथे मात्र ती ताडपत्री लावू नका, पाणी वर कधी वाढलं हे खाली कळत नाही.

तर तुमचे अडीच हजार असे घाला: चांगला हेडलॅम्प आणि जादा सेल, दोन लायटर, शिट्टी, ताडपत्री, दहा मीटर दोरी, क्लोरीनच्या गोळ्या. पैसे उरतात. उरलेल्यात गावातल्या वाटाड्याला एक दिवस सोबत घ्या आणि त्याला चूल कशी पेटवतो ते दाखवायला सांगा.

आणि जायच्या आधी एकदा भर पावसात गच्चीवर, भिजलेल्या लाकडांवर, रॉकेल न वापरता एक कप चहा करून बघा. मला पहिल्यांदा पावणेदोन तास लागले. छत्री धरून बायको दारात उभी होती, विचारत होती की गॅस संपलाय का.