टॅपरूट अपग्रेडनंतर २०१८ चं बिटकॉइन वॉलेट चालतं का?

तुमचे बिटकॉइन कुठंही अडकलेले नाहीत. टेलिग्रामवरच्या त्या ‘सपोर्ट’वाल्याला वॉलेटचे बारा शब्द (ज्यांच्यावरून सगळं वॉलेट परत उभं करता येतं) अजून दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर आजच नवं वॉलेट करून सगळं तिकडं हलवायला घ्या, कसं ते खाली लिहिलंय.

तुमचा प्रश्न मला असा समजला: लॅपटॉपवर २०१८ पासून इलेक्ट्रम हा बिटकॉइन वॉलेटचा प्रोग्रॅम आहे, कधी अपडेट केलेला नाही. मित्राला थोडे बिटकॉइन पाठवायचेत, त्याचा पत्ता ‘बीसी१पी’ने सुरू होतो आणि तुमचं वॉलेट तो अवैध म्हणतं. त्यावर टेलिग्रामवर स्वतःला ‘सपोर्ट’ म्हणवणाऱ्या कुणीतरी सांगितलं की टॅपरूटनंतर, म्हणजे बिटकॉइनच्या नियमांतल्या एका बदलानंतर, जुनी नाणी ‘मायग्रेट’ करावी लागतात, नाहीतर ती जातात, आणि बारा शब्द मागितले. तुम्हीही कोल्हापूरचेच आहात म्हणून मोकळेपणानं लिहितो. राजारामपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ही भीती घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही.

नाणी वॉलेटमध्ये नसतातच. ती नेटवर्कच्या नोंदीत असतात, वॉलेटमध्ये असते फक्त तुमची किल्ली. सातबाऱ्याचा नमुना बदलला म्हणून कुणाचं रान वाहून जात नाही, तसंच हे.

टॅपरूट १४ नोव्हेंबर २०२१ ला, ७,०९,६३२ व्या ब्लॉकला (बिटकॉइनच्या नोंदवहीतल्या पानाला) लागू झालं. तो सॉफ्ट फोर्क होता, म्हणजे जुने नियम तसेच ठेवून त्यावर आणखी नियम घातले. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये सेगविट नावाचा बदल आला तोही असाच. त्यामुळं ‘१’ने सुरू होणारे सगळ्यात जुने पत्ते आजही चालतात, त्यातून पाठवता येतं आणि त्यावर घेताही येतं. मुदत नाही, दंड नाही. ‘मायग्रेशन’ नावाचा प्रकारच बिटकॉइनमध्ये नाही.

मग तुमचं वॉलेट पत्ता का नाकारतं? सेगविटचे पत्ते ‘बीसी१क्यू’ने सुरू होतात आणि त्यांच्या शेवटी टायपिंगची चूक पकडणारी काही अक्षरं असतात. ती काढायच्या पद्धतीत पुढं एक खोट सापडली: पत्त्याचं शेवटचं अक्षर ‘पी’ असेल तर त्याच्या अलीकडं ‘क्यू’ वाढले किंवा गळले तरी तपासणीत ते कळत नाही. म्हणून टॅपरूटच्या ‘बीसी१पी’ पत्त्यांना सुधारलेली पद्धत दिली, तिला बेक३२एम म्हणतात. तुमच्या २०१८ च्या प्रोग्रॅमला जुनीच पद्धत ठाऊक आहे. त्याच्या हिशेबात शेवटची अक्षरं जुळत नाहीत, म्हणून तो हात वर करतो. यात तुमचं काही बिघडलेलं नाही, उलट न समजलेल्या पत्त्यावर त्यानं पैसे सोडले नाहीत हे बरंच झालं.

सगळ्यात सोपा उपाय मित्राकडंच आहे. त्याला ‘बीसी१क्यू’चा पत्ता मागा. बहुतेक वॉलेटांत पैसे घेताना पत्त्याचा प्रकार बदलता येतो.

तरीही तुमच्या त्या जुन्या इलेक्ट्रममधून पाठवायला जाऊ नका. कारण टॅपरूट नाही, कारण वेगळंच आहे आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. डिसेंबर २०१८ मध्ये काही भामट्यांनी स्वतःचे इलेक्ट्रम सर्व्हर (वॉलेट ज्यांच्याशी जोडलं जातं ते संगणक) उभे केले. जुन्या व्हर्जनमधून कुणी पैसे पाठवायला गेलं की सर्व्हर व्यवहार नाकारायचा आणि खुद्द वॉलेटच्या खिडकीतच संदेश दाखवायचा की अपडेट करा, ही लिंक. लिंकवर असायचं नकली इलेक्ट्रम. ते टाकलं की नाणी गेली. ३.३.४ च्या आधीची व्हर्जन या सापळ्यात सापडतात. वर्षानुवर्षं न उघडलेलं वॉलेट आज उघडलं आणि त्यानंच ‘अपडेट करा’ म्हटलं, तर कुणालाही खरंच वाटणार ना!

म्हणून क्रम असा ठेवा. लॅपटॉपचं नेट बंद करून इलेक्ट्रम उघडा, वॉलेट मेनूतून सीड, म्हणजे तेच बारा शब्द, काढा आणि कागदावर लिहा. फोटो नको, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं तर नकोच. मग वॉलेटची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. ती ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात इलेक्ट्रम, त्यात वॉलेट्स अशा लपलेल्या फोल्डरात असते. इथं जरा थांबून सांगतो, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. फॉरमॅटला लॅपटॉप आला की ‘काय काय ठेवायचं?’ असं आम्ही विचारतो, आणि उद्यमनगरातला कारखानदार असो की कॉलेजचं पोरगं, उत्तर ठरलेलं: फोटो आणि टॅली. वॉलेटचं नाव कुणी काढत नाही आणि ते फोल्डर डेस्कटॉपवर दिसत नाही. मी आता स्वतःहून विचारतो. पण प्रत्येक दुकानदार विचारेल असं नाही, तेव्हा तुम्हीच सांगा. फाइलची कॉपी अजून एका कारणासाठी हवी: नवं व्हर्जन जुनी फाइल उघडताना तिचा साचा बदलतं, मग ती जुन्या व्हर्जनमध्ये परत उघडत नाही.

नवं इलेक्ट्रम ‘इलेक्ट्रम डॉट ऑर्ग’ हा पत्ता हातानं टाइप करूनच उतरवा. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. जमत असेल तर फाइलची डिजिटल सहीही पडताळा, इलेक्ट्रम सुरू करणाऱ्या थॉमस वोग्टलिन यांची सही तिथंच मिळते. लॅपटॉप विंडोज ७ चा असेल तर त्याच्याशी झटापट नको, जानेवारी २०२० पासून त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. सुरक्षेचे अपडेट अजून मिळणाऱ्या विंडोजच्या स्वच्छ मशीनवर करा.

एक गोष्ट हमखास घाबरवते. इलेक्ट्रमचे बारा शब्द इतर बहुतेक वॉलेटांच्या शब्दांसारखेच दिसतात, पण त्यांची पद्धत वेगळी आहे. ते दुसऱ्या ॲपमध्ये टाकले तर ‘चुकीचे’ म्हणून नाकारले तरी जातात, नाहीतर रिकामं वॉलेट उघडतं. तिथं शून्य दिसलं म्हणजे पैसे गेले असं नाही. शब्द इलेक्ट्रमचे असतील तर ते इलेक्ट्रममध्येच टाका.

शब्द कुणाच्या हाती लागलेत अशी शंका असेल तर मात्र जुनं वॉलेट परत उघडून भागत नाही. नव्या इलेक्ट्रममध्ये नवीन बारा शब्दांचं वॉलेट करून सगळी रक्कम त्यात पाठवा. बाकी वेळी आधी अगदी थोडी रक्कम पाठवा, कन्फर्म झाली की उरलेली.

तुमच्या त्या टेलिग्रामवाल्याचं बोलणं काही नाण्यांच्या बाबतीत अर्धं खरं असतं, म्हणून ते पटतं. मोनेरो या दुसऱ्या नाण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये हार्ड फोर्क (जुन्या नियमांशी न जुळणारा बदल) झाला, व्यवहारामागच्या रिंगचा (पाठवणारा ओळखू येऊ नये म्हणून मिसळलेल्या नोंदींच्या गटाचा) आकार ११ वरून १६ केला. तिथं जुन्या वॉलेटनं केलेला व्यवहार नेटवर्क स्वीकारतच नाही, अपडेट केल्याशिवाय गत्यंतर नाही. पण नाणी तिथंही जागेवरच राहिली आणि शब्द कुणाला द्यायची गरज पडली नाही. इथेरियम या आणखी एका नाण्याच्या नेटवर्कमधला ‘मर्ज’ नावाचा मोठा बदल १५ सप्टेंबर २०२२ ला झाला तेव्हाही ‘ईटीएच२ मध्ये बदलून घ्या’ म्हणणारे उगवले होते. साध्या धारकाला काहीच करायचं नव्हतं.

कराचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्यात नेणं म्हणजे विक्री नव्हे. मित्राकडून पैसे घेऊन देणार असाल तर ती विक्री, आणि एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के अधिक सेस लागतो. १ टक्का टीडीएसचा नियम जुलै २०२२ पासूनचा. सीएला आधी विचारा.

अजून अडलं तर हेल्प मेनूतला व्हर्जन नंबर आणि तुमचे पत्ते कशानं सुरू होतात एवढंच खाली लिहा. आणि दुकानात आलात तरी बारा शब्दांचा कागद मला दाखवू नका, टाइप तुम्हीच करायचं, मी पाठ फिरवून बसतो.