ब्राउझरमधली फट आणि लांबवलेलं अपडेट

इन्कॉग्निटो विंडो (इतिहास न साठवणारी खाजगी खिडकी) वापरली तर ब्राउझरमधल्या सुरक्षा त्रुटींपासून बचाव होतो ना?

नाही.

आयफोनवर मी सफारी उघडतच नाही. मग सफारीतल्या त्रुटीची मला काय भीती?

जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेली त्रुटी आठवा. सफारी १५ मध्ये एका साइटला दुसऱ्या साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या डेटाबेसची (माहितीच्या साठ्याची) नावं दिसत होती. आतला मजकूर नव्हे, फक्त नावं. पण गूगलच्या काही साइट त्या नावातच वापरकर्त्याचा ओळख क्रमांक घालत. त्या वेळी आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरला ॲपलचंच वेबकिट इंजिन (वेबपान उघडून दाखवणारा ब्राउझरचा गाभा) वापरावं लागे, म्हणून क्रोमवालेही सापडले. दुरुस्ती आयफोनच्या आयओएस १५.३ या आवृत्तीत आली.

अपडेट आलंय, पण वीस-पंचवीस टॅब उघडे आहेत. पुढच्या आठवड्यात केलं तर चालेल?

हा प्रश्न वाचला की माझा संयम सुटतो. दुरुस्ती बाहेर पडली की ती हल्लेखोरही वाचतात. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून काय बदललं ते पाहिलं, की फट कुठे होती याचा पत्ताच मिळतो. म्हणजे कालपर्यंत मोजक्यांना ठाऊक असलेली फट आज कुणालाही शोधता येते, आणि तुम्ही मात्र टॅब सांभाळत बसलेले! हीच मधली मुदत कमी करायला क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षा अपडेट द्यायला सुरुवात केली. तुमच्या ‘पुढच्या आठवड्यात’ पुढचं अपडेट आलेलं असेल. आणखी एक गैरसमज: डाउनलोड झालं म्हणजे काम झालं असं नाही. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनीच आवृत्ती चालू असते. टॅब बहुधा परत येतात. अर्धवट भरलेला फॉर्म तेवढा आधी पूर्ण करा. ऑफिसचा संगणक असेल तर परस्पर काही करू नका, आयटी विभागाला विचारा. पण आजच विचारा.

‘तुमचा ब्राउझर असुरक्षित आहे’ अशी खिडकी उघडली. त्यात सुचवलेलं क्लीनर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घेऊ का?

तो इशारा नव्हे, विक्रीचा सापळा आहे. अशी एक्स्टेन्शन्स बहुतेकदा सगळ्या साइटवरचा मजकूर वाचायची परवानगी मागतात. चोराला घराची किल्ली देण्यातलाच प्रकार. घेतलं असेल तर काढून टाका आणि दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला. कार्डाचा नंबर दिला असेल तर बँकेला लगेच फोन करा, आणि तोही कार्डामागच्या नंबरवर.

माझी माहिती आधीच गेली असेल तर कसं कळणार?

ब्राउझर बघून कळत नाही. खात्याच्या सुरक्षा पानावर अनोळखी उपकरण दिसलं तर सगळीकडून लॉगआउट करा, पासवर्ड बदला आणि जाणकाराला यंत्र दाखवा.