गणिताचा इतिहास शिकून पोट भरतं का?

प्रश्न : सर, मी एमएस्सी मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणितं सोडवण्यापेक्षा ती कुणी, कधी, कशी शोधली हे वाचायलाच मला जास्त आवडतं. घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले गणिताचा कसला आलाय इतिहास, गपचूप बीएड कर अन् नोकरी बघ. यात खरंच करिअर असतं का?
– एक विद्यार्थिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : असतं बाळ, पण 'गणिताचा इतिहासकार पाहिजे' अशी जाहिरात पेपरात येत नाही, हे आधीच सांगतो. पप्पांचं म्हणणं उडवून लावू नको, पोटापाण्यासाठी शिकवायचं अन् उरलेल्या वेळात हे करायचं अशीच आपल्याकडं बऱ्याच जणांची वाट राहिलेली आहे.

राधाचरण गुप्तांचंच बघ ना. 1935 ला झाशीत जन्म, लखनौला एमएस्सी, अन् 1958 पासून रांचीजवळच्या मेसरा इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायला लागले ते 1995 ला रिटायर होईपर्यंत तिथंच. त्यातच जुन्या संस्कृत ग्रंथांचा अभ्यास चालू, 1971 ला पीएचडी झाली ती सरस्वती अम्मांसोबत काम करून. या अम्मा म्हणजे प्राचीन भारतातल्या भूमितीवर अख्खं पुस्तक लिहिणाऱ्या बाई, ते पुस्तक आलं 1979 ला अन् त्याच साली गुप्तांनी 'गणित भारती' हे नियतकालिक सुरू केलं. दहावीत चक्रीय चौकोन शिकलीस ना, त्याच्या चार बाजूंवरून वर्तुळाची त्रिज्या काढायचा नियम केरळच्या परमेश्वर नावाच्या गणितीनं 15 व्या शतकातच दिलेला आहे, युरोपात तो 1782 ला छापला गेला, त्यावर गुप्तांनी लिहिलं. 2009 चा केनेथ मे पुरस्कार मिळाला, गणिताच्या इतिहासातला जगातला मोठा मान आहे तो, मग 2023 ला पद्मश्री, अन् 2024 ला गेले. माझ्या मते पुरस्कारांपेक्षा ती सदतीस वर्षांची मास्तरकी जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता तू काय करायचं? सेट-नेट दे, बीएडही कर, पण आजपासून संस्कृत धर. का ते सांगतो. भास्कराचार्यांनी आपलं जन्मसाल आकड्यात नाही, शब्दात लिहिलंय : रस, गुण, पूर्ण, मही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. पण हे आकडे उजवीकडून डावीकडं वाचायचे, 6301 नाही तर 1036, अन् हा शक आहे म्हणून त्यात 78 मिळव, 1114 आलं. नुसतं संस्कृत येणारा उलट वाचायचं विसरला की फसला, नुसतं गणित येणाऱ्याला तर श्लोकच लागत नाही. दोन्ही येणारी माणसं फार थोडी आहेत गं, म्हणून तुझं पत्र वाचून मला एवढा आनंद झाला.

कॉलेजात संस्कृतच्या मॅडम असतील तर उद्याच भेट त्यांना. पुण्याच्या भांडारकर संस्थेत हस्तलिखितांचा मोठा साठा आहे, सुट्टीत जाऊन ये, पप्पांनाही सोबत ने.

प्रश्न : भास्कराचार्य आमच्या बीडचे होते म्हणतात, खरं का?
– एक वाचक, बीड

उत्तर : त्यांनी स्वतः गावाचं नाव विज्जलवीड दिलंय अन् ते सह्याद्रीच्या आश्रयाला आहे एवढं सांगितलंय. त्यातल्या 'वीड'वरून बीड म्हणणारे आहेत, विजापूर म्हणणारेही आहेत. बालाघाटाची रांग सह्याद्रीचाच फाटा, त्यामुळं बीडवाल्यांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. पण कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं गेलं की पाटण लागतं, पाटणादेवीचं, तिथं 1207 चा शिलालेख आहे, भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या काळात. दगडावर कोरलेला पुरावा आहे हा, म्हणून माझा कल पाटणच्या परिसराकडं आहे, तरी मठ तिथं होता म्हणजे जन्मही तिथलाच असं लेखावरून ठरत नाही. बीडचं नाव पक्कं करायचं तर बीडला विज्जलवीड म्हटलेला त्या काळातला एखादा शिलालेख नाहीतर ताम्रपट दाखवावा लागेल, नावाच्या सारखेपणावर भागायचं नाही.