उद्यमनगरातल्या रुंद रिंगा आणि शोलावरमच्या शर्यती

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या काकांचे गॅरेज होते. जागा रिकामी करताना माळ्यावर फियाटच्या चाकांच्या पाच लोखंडी रिंगा सापडल्या. त्या नेहमीपेक्षा बऱ्याच रुंद असून प्रत्येकीच्या आत वेल्डिंगची गोल शिवण आहे. सोबत एक सिलिंडर हेड आहे, तेही नव्या हेडपेक्षा पातळ वाटते. काका सत्तरच्या दशकात गाडी घेऊन मद्रासला शर्यतीसाठी जात, एवढेच घरात माहीत आहे. ही शर्यत कोणती, आणि साधी फियाट शर्यतीसाठी घरच्या घरी तयार कशी करत? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मद्रास आणि सत्तरचे दशक म्हटल्यावर ही शर्यत शोलावरमचीच असणार. मद्रासच्या उत्तरेला, कलकत्त्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी पडून होती. 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती भरवायला सुरुवात केली आणि पुढची तीन दशके देशभरातली हौशी मंडळी वर्षातून एकदा तिथे जमत राहिली. विमानांसाठी बांधलेली ती पट्टी इंग्रजी ‘टी’च्या आकाराची होती. त्यामुळे लांबच लांब सरळ धाव आणि तिच्या टोकाला एकदम आवळलेले वळण, असा तो मार्ग होता.

त्या वेळी भारतात गाडी घ्यायची म्हणजे बहुतेकांसमोर तीनच पर्याय असत : कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर आणि मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि परदेशी सुटे भाग आणायचे तर परवाना व जकात यांचा अडसर होता. संस्थानिक आणि उद्योगपतींची गोष्ट वेगळी. विजय मल्ल्या यांनी शोलावरमला फॉर्म्युला वनमधली जुनी एन्साइन गाडी पळवली होती. गॅरेजवाल्याला मात्र हाताशी असलेल्या गाडीतूनच वेग काढावा लागे आणि त्यासाठी तो तिच्यात काही घालण्याआधी तिच्यातले बरेच काही काढून टाकी. बंपर, मागचे आसन, दरवाजांचे अस्तर, गालिचा आणि हॉर्नसुद्धा उतरवला जाई, आणि काचांच्या जागी अ‍ॅक्रिलिकचे पत्रे बसत. वजन कमी करायला पैसे लागत नाहीत, हे या कामातले पहिले गणित होते.

आता आपल्याकडच्या हेडविषयी, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाविषयी (रिंगांचे शेवटच्या उत्तरात येईल). फियाटचे इंजिन 1089 सीसीचे, म्हणजे एका सिलिंडरची क्षमता सुमारे 272 सीसी. पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर, गॅस्केटच्या (हेड व इंजिन यांच्या मधल्या पातळ थराच्या) जाडीसह, 40 सीसी जागा उरत असेल, तर कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, 7.8 होतो. हेडचा तळ मशीनवर घासून ही जागा 32 सीसीवर आणली, की तेच प्रमाण 9.5 होते आणि त्याच पेट्रोलच्या मिश्रणातून अधिक जोर मिळतो. हेडच्या तळातल्या, सिलिंडरांवर येणाऱ्या चारही खोबणी सारख्या मापाच्या आहेत की नाहीत, हे पाहण्याची पद्धत मी विद्यार्थिदशेत पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये पाहिली होती. हेड उलटे ठेवून व्हॉल्व्ह व प्लग बसवायचे, खोबणीवर ग्रीस लावून मध्ये बारीक भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची चकती दाबायची आणि डॉक्टरकडच्या काचेच्या सिरिंजने त्या भोकातून रॉकेल सोडत राहायचे. शेवटचा बुडबुडा निघून गेला, की किती रॉकेल गेले ते लिहून घ्यायचे. एका खोबणीत अर्धा सीसी कमी गेले, तर मिस्त्री बारीक ग्राइंडर घेऊन पुन्हा तासभर बसत असे. हे सगळे रात्री चाले, कारण दिवसा गिऱ्हाइकांच्या गाड्या असत.

हेड पातळ केले की इतर कामे ओढवतात, आणि जाणता मिस्त्री व नुसता उत्साही माणूस यांतला फरक इथे कळतो. फियाटच्या इंजिनात व्हॉल्व्ह पुशरॉड नावाच्या उभ्या दांड्या आणि त्यांच्या वरचे रॉकर, म्हणजे डोलणाऱ्या तरफा, यांनी उघडतात. हेड खाली आले म्हणजे तेच पुशरॉड लांब ठरतात आणि रॉकरचा कोन बिघडतो. म्हणून एक तर पुशरॉड कापून छोटे करावे लागत किंवा रॉकरच्या ठोकळ्यांखाली पत्र्याच्या चकत्या घालाव्या लागत. शिवाय कॉम्प्रेशन वाढवल्यावर त्या काळच्या हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर इंजिन नॉक मारू लागे, म्हणजे मिश्रण आपोआप स्फोटासारखे पेटून ठकठक होई. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घेतले नाही, तर पिस्टनला सरळ भोक पडे. व्हॉल्व्हची उघडझाप ठरवणाऱ्या कॅमशाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवून त्याला नवा आकार घासून देणे, मिश्रण आत येण्याच्या (इनटेकच्या) वाटा रुंद करून आरशासारख्या गुळगुळीत करणे, दोन कार्बोरेटर बसवणे आणि चार नळ्या एकात आणणारा एक्झॉस्ट वाकवून घेणे ही कामे त्यानंतरची. उद्यमनगरात ऑइल इंजिने आणि त्यांचे भाग घडवणारे टर्नर व फाउंड्रीवाले एका हाकेवर होते. आपल्या काकांना यातले काहीच गावाबाहेर पाठवावे लागले नसेल.

प्रश्न : फियाट, हेराल्ड आणि अ‍ॅम्बॅसेडर यांपैकी शर्यतीला सर्वांत योग्य गाडी कोणती होती? आणि या गाड्या पुढे दिसेनाशा का झाल्या? – एक वाचक, पुणे

उत्तर : शर्यती इंजिनाच्या क्षमतेनुसार गटांत होत असल्यामुळे तिघींची सरळ तुलना फारशी न्याय्य नाही. तरी माझे मत विचाराल, तर फियाट. अ‍ॅम्बॅसेडरचे इंजिन 1489 सीसीचे आणि दणकट, पण गाडी जड. कितीही कापाकापी केली तरी ते अंग वळणावर लपत नसे. हेराल्डचा चासी, म्हणजे खालचा सांगाडा, अंगापासून वेगळा, अख्खे बॉनेट पुढे उलटणारे आणि स्टीअरिंग चपळ, त्यामुळे काम करायला ती सर्वांत सोयीची होती. पण तिच्या मागच्या चाकांची रचना अशी होती, की भर वळणात चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर बाहेरचे चाक आत दुमडे आणि गाडी गर्रकन फिरे. मागचे आडवे पाटे सपाट करून गाडी खाली बसवली, की हा दोष बराच आटोक्यात येई. फियाट या दोन्हींच्या मधली होती. मागच्या अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातले, पुढच्या स्प्रिंगचा एखादा वेढा कापला, की ती जमिनीला चिकटून जाई.

तिघींचीही खरी परीक्षा ब्रेकला होती. इंजिनाचा जोर गॅरेजमध्ये वाढवता येत होता, पण गाडी थांबवायला तेच ड्रम ब्रेक होते. सरळ धावेच्या शेवटी दोन-चार वेळा जोरात ब्रेक दाबले, की चाकाबरोबर फिरणारा ड्रम तापून फुगे आणि त्याला आतून दाबणाऱ्या शूपासून दूर जाई. शूवरच्या लायनरची पकडही सुटे आणि पेडल फळीला टेके. त्यावर उपाय म्हणून ड्रममागच्या प्लेटला भोके पाडून तिथे पत्र्याची नळकांडी लावत, म्हणजे थोडा वारा आत जाई. एवढ्याने भागत नसे, हे पाहणाऱ्यालाही कळे, कारण करपलेल्या लायनरचा वास वळणाजवळ उभ्या असलेल्यांपर्यंत येई. शहाणे चालक म्हणूनच ब्रेक राखून ठेवत आणि गिअर उतरवत गाडी वळणात आणत. तोही फियाटच्या स्टीअरिंगखालच्या दांड्याने, हे विसरू नका.

या गाड्या मागे पडल्या त्या टप्प्याटप्प्याने. ऐंशीच्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन आली. फायबरग्लासचे हलके अंग आणि 848 सीसीचे अ‍ॅल्युमिनियम इंजिन असलेल्या त्या गाडीतून काही काढून टाकण्याची फारशी गरजच नव्हती. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही एका माणसाची शर्यतीची गाडी बनवली, आणि नारायण कार्तिकेयनसारखे चालक तिच्यातून पुढे आले. 1990 मध्ये मद्रासच्या क्लबचा श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःचा मार्ग सुरू झाला. तिथे फियाट घेऊन जाण्यात अर्थ उरला नाही.

प्रश्न : मी जुनी पद्मिनी, म्हणजे प्रीमियरची फियाटच, दुरुस्त करत आहे. तिच्या रिंगा मधून कापून, पट्टी वेल्ड करून रुंद करून देतो, असे एक गॅरेजवाला म्हणतो. त्या रोजच्या वापराला चालतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चालणार नाहीत. शर्यतीतली मंडळी हे करत, कारण पद्मिनीच्या मूळ 5.20-14 मापाच्या टायरचा जमिनीला लागणारा पट्टा अरुंद असतो आणि रुंद रिंगा बाजारात मिळत नसत. पण त्या रिंगा लेथवर फिरवून डायल गेजने (बारीक डगमग मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणाने) तपासलेल्या असत आणि शर्यत संपली की पुन्हा मूळ चाके चढत. रस्त्यावरच्या खड्ड्यात वेल्डिंगच्या कडेला बारीक तडा जातो, तो ट्यूबमुळे हवा न गेल्याने दिसत नाही, आणि बाहेर सरकलेल्या चाकाचा जादा भार बेअरिंगवर आणि चाक धरणाऱ्या स्टडवर येतो. कोल्हापूरच्या वाचकांनाही हीच विनंती आहे, की त्यांनी त्या रिंगा गाडीला लावू नयेत. आणि ते पातळ हेड चालू गाडीवर बसवायचेच असेल, तर आधी कॉम्प्रेशन मोजून तेवढ्या जाडीचे गॅस्केट करून घ्यावे.